साडेतेरा हजार किलोमीटर आणि तिसरा दिवस

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका जुन्या पेढीचे मालक ऑक्टोबरातील एका सोमवारी पहाटे पाच वाजता निवर्तले. थोरला मुलगा त्यांच्याबरोबर पेढीवर बसत असे. धाकटा अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन होजे शहरात नोकरीला. त्याला लगेच फोन लावला गेला. तिकडे रविवारची दुपार होती, घड्याळात साडेचार वाजले होते. तास-दीड तासात घरी भाऊबंद जमू लागले आणि अशा घरात जो प्रश्न सर्वप्रथम निघतो तोच निघाला. धाकटे काका म्हणाले, "तो किती वेळात पोहोचेल? त्यावर वेळ ठरवू." एका नातवाने मोबाइलवर पाहून सांगितले, "आजोबा, मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार किलोमीटर आहे." काकांचा हिशेब तोंडी होता. विमान ताशी नऊशे किलोमीटर जाते, म्हणजे पंधरा तास. म्हणजे रात्री आठपर्यंत मुलगा दारात. "मग थांबू या की रात्रीपर्यंत," ते म्हणाले.

भागाकार बरोबर होता, उत्तर मात्र चुकीचे होते. हे उत्तर का चुकते, हे आज व्यापारी घरांनी समजून घेण्यासारखे आहे. कारण ज्या घरातले कोणी ना कोणी समुद्रापार गेलेले नाही, असे घर आता शोधावे लागते.

नातवाने सांगितलेला आकडा खोटा नव्हता. मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांतील पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे कमीत कमी अंतर खरोखरच सुमारे १३,५०० किलोमीटर आहे; दिल्लीपासून मोजले तर ते सुमारे १२,४०० भरते. परंतु ही रेषा कोठून जाते, हे भिंतीवरच्या नकाशात दिसत नाही. नकाशा पाहणाऱ्यास वाटते की भारतातून अमेरिकेला जायचे तर डावीकडे युरोप आणि अटलांटिक महासागर, किंवा उजवीकडे जपान आणि प्रशांत महासागर. शाळेतला पृथ्वीगोल घेऊन मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरावे आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर ताणावे. दोरा ना डावीकडे जातो, ना उजवीकडे. तो सरळ उत्तरेला चढतो, मध्य आशिया व सैबेरिया ओलांडून ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आर्क्टिक समुद्रात शिरतो आणि पलीकडच्या बाजूने अलास्का, कॅनडा करीत खाली उतरतो. सॅन फ्रान्सिस्को हे शहर आपल्याला पश्चिमेलाही नाही आणि पूर्वेलाही नाही. ते जवळजवळ पृथ्वीच्या माथ्याच्या पलीकडे आहे. त्यामुळे तेथे जाण्याचे तीन रस्ते निघतात, आणि त्यांतला सर्वांत आखूड रस्ता सर्वांत लवकरचा असतोच असे नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण एअर इंडियाच्या खात्यावर आहे. या कंपनीने २ डिसेंबर २०१५ रोजी दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अशी विनाथांबा सेवा सुरू केली. विमान बोइंग ७७७-२००एलआर. आरंभी ते युरोपवरून, अटलांटिक ओलांडून जाई. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर पडे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली. १६ तारखेला, रविवारी पहाटे चार वाजता दिल्लीहून निघालेले विमान पूर्वेकडे वळले, प्रशांत महासागरावरून गेले आणि १५,३०० किलोमीटरचा पल्ला सुमारे साडेचौदा तासांत कापून उतरले. अंतर १,४०० किलोमीटरने वाढले आणि वेळ सुमारे दोन तासांनी कमी झाला. त्या वेळी ही जगातील सर्वांत लांब विनाथांबा प्रवासी फेरी म्हणून गाजली. (पुढे सिंगापूर–न्यूयॉर्क सेवा सुरू झाली आणि तो मान तिच्याकडे गेला. मात्र तिच्या नावावरचे १५,३४९ किलोमीटर हे दोन विमानतळांमधले आखूड रेषेचे अंतर आहे, तर एअर इंडियाचे १५,३०० हे विमानाने प्रत्यक्ष कापलेले. वेगवेगळ्या पायावरचे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणे कोणत्याही हिशेबनिसास पटणार नाही.)

१५,३०० ला साडेचौदाने भागले तर सरासरी वेग ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर येतो. हे विमान स्वतःच्या बळावर साधारण नऊशेनेच जाते. मग वरचे दीडशे आले कोठून? ते वाऱ्याने दिले. जुन्या मार्गाचा हिशेब केला तर उलटे चित्र दिसते: वेग साडेआठशेच्याही खाली येतो, कारण तेथे तोच वारा समोरून आडवा येत असे. काही लोक याचे कारण असे सांगतात की विमान हवेत असताना पृथ्वी खाली फिरून गाव जवळ आणते. ही समजूत चुकीची आहे. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते. तसे नसते तर जमिनीवर उभ्या माणसालाही कायम तुफान सोसावे लागले असते. खरे कारण म्हणजे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हवेचा अरुंद आणि अतिशय वेगवान प्रवाह. विषुववृत्ताकडची उष्ण हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या सीमेवर तो निर्माण होतो आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळतो. हिवाळ्यात हा तापमानातील फरक वाढतो, तसा प्रवाहही बळावतो. जपानच्या आसपास तर त्याचा जोर जगात सर्वाधिक असतो.

या प्रवाहाचा शोध मोठा चटका लावणारा आहे. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून वरच्या थरातील हा वारा काळजीपूर्वक मोजला. आपले काम जगभर वाचले जावे, या हेतूने त्यांनी ते १९२६ मध्ये एस्पेरान्तो या नव्याने घडविलेल्या जागतिक भाषेत प्रसिद्ध केले. ती भाषा वाचणारे शास्त्रज्ञ अगदीच मोजके असल्याने ते जवळजवळ कोणीच वाचले नाही. १९४४ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकी विमाने जपानवर उंचावरून उडू लागली आणि वैमानिकांना या वाऱ्याचा तडाखा बसला, तेव्हा बाहेरच्या जगाला त्याची किंमत कळली.

वाऱ्याचे हे दान पैशांतही मोजता येते. ७७७-२००एलआर विमान तासाला सुमारे ९,६०० लिटर इंधन जाळते असे त्या वेळी सांगितले गेले. दोन तास वाचले म्हणजे एका फेरीला १९,००० लिटरांहून अधिक. म्हणून आजही कोणत्या दिवशी कोणत्या मार्गाने जायचे, हे कायमचे ठरलेले नसते. उड्डाणाच्या काही तास आधी हवामानाचा अंदाज पाहून मार्ग आखला जातो. उन्हाळ्यात एक, हिवाळ्यात दुसरा. परतताना अटलांटिकचा रस्ता धरला की वारा पुन्हा पाठीशीच. म्हणजे जाताना प्रशांत, येताना अटलांटिक असे केले तर प्रवाशाची नकळत पृथ्वीप्रदक्षिणा होते.

पूर्वेकडून जाण्यात आणखी एक गंमत आहे. रविवारी पहाटे चारला निघालेले ते विमान प्रशांत महासागरातील आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून शनिवारात शिरले आणि उतरले तेव्हा तेथे पुन्हा रविवारचीच पहाट होती, साधारण निघाल्याचीच वेळ. हा घोळ प्रथम अनुभवला तो मॅगेलनच्या मोहिमेतील उरलेल्या खलाशांनी. पश्चिमेकडे जात जात पृथ्वीला वळसा घालून ते जुलै १५२२ मध्ये केप व्हर्दे बेटांना लागले. त्यांच्या रोजनिशीत तो बुधवार होता, किनाऱ्यावरचे लोक गुरुवार म्हणत होते. रोजनिशी तर एकही दिवस न चुकता लिहिलेली! सूर्याच्या मागे मागे चालत गेल्याने त्यांचा एक संपूर्ण दिवस खर्ची पडला होता.

चौविहार पाळणाऱ्यांना हा प्रश्न केवळ गमतीचा उरत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे, तर विमानात सूर्यास्त कधी? ऑक्टोबरात पहाटे चारला दिल्लीहून पूर्वेकडे निघालेल्या विमानाचा हिशेब करून पाहता येतो. विमान पूर्वेला धावते, सूर्य पश्चिमेला, त्यामुळे दोघांची गाठ लवकर पडते आणि ताटातूटही लवकर होते. निघाल्यापासून सव्वा-दीड तासात सूर्य उगवतो, आणि अकरा-साडेअकरा तासांचा दिवस जेमतेम सहा-साडेसहा तासांत संपून जातो. दिल्लीच्या घड्याळाप्रमाणे दुपारी बाराच्या सुमारास खिडकीबाहेर रात्र पडलेली असते. याउलट जूनमध्ये उत्तर ध्रुवाजवळून जाणाऱ्या विमानातून सूर्य मावळताना दिसतच नाही, आणि डिसेंबरात त्याच भागात तो उगवत नाही. यावर घराघरांत निरनिराळी रीत पडली आहे. कोणी निघालेल्या गावाचे घड्याळ मानतात, कोणी खिडकीबाहेरचा सूर्य, तर कोणी विमानात चढण्यापूर्वीच जेवून पुढे केवळ पाण्यावर किंवा उपवासाने प्रवास करतात. आपल्या घरच्या रीतीविषयी गुरुमहाराजांना प्रवासाआधीच विचारून घेणे बरे. कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असलेले जैन भोजन मोठ्या विमान कंपन्या देतात. परंतु ते किमान चोवीस तास आधी नोंदवावे लागते. तातडीच्या तिकिटावर ते मिळेल असे धरून चालू नये. डब्यात खाकरे आणि सुका मेवा असावाच.

येथपर्यंत अंतर आणि वारा यांचा विचार झाला. पण काकांचा हिशेब चुकविणारे तिसरे आणि अधिक बेभरवशाचे कारण म्हणजे देशोदेशींच्या सीमा. आकाशालाही मालकी असते. एखाद्या देशावरून जायचे तर त्याची परवानगी लागते, त्याचे शुल्क भरावे लागते, आणि त्याने दार लावले तर वळसा पडतो. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलै २०१९ पर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याची माहिती सरकारने राज्यसभेत दिली होती. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर ते आकाश भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. त्यानंतर मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान इंधनासाठी कोलकात्याला उतरू लागले, आणि उत्तर अमेरिकेच्या इतर काही फेऱ्या व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबू लागल्या. दरम्यान २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाले. भारतीय कंपन्यांना ते खुले राहिले. म्हणजे एकाच दोन शहरांमधला आखूड रस्ता एका देशाच्या विमानाला खुला, दुसऱ्याला बंद!

दिल्लीच्या थेट उत्तरेला तर निसर्गानेच भिंत घातली आहे. विमानातील हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला तातडीने सुमारे दहा हजार फुटांवर उतरावे लागते, कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मुखवट्यांतून प्राणवायू मिळतो तो साधारण पंधरा मिनिटे. हिमालय आणि तिबेटच्या पठारावर जमीनच त्याहून पुष्कळ उंच आहे. उतरायचे कोठे? म्हणून विमाने त्या भागाला शक्यतो बगल देतात.

उतरण्याच्या जागेचा प्रश्न पुढच्या ओसाड प्रदेशातही येतो. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडले तरी ठरावीक वेळात पोहोचता येईल असा विमानतळ सतत टप्प्यात ठेवावा लागतो. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती. १९८५ पासून ती १२० मिनिटे व पुढे १८० मिनिटे झाली. असे पर्यायी विमानतळ कागदावर नुसते ठिपके असतात. पण ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला आणि त्यातला एक ठिपका खरा झाला. विमान रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान या गावी सुखरूप उतरले. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. एवढ्यांना पुरेल अशी हॉटेले नसल्याने काहींची सोय शाळेत, जमिनीवर गाद्या टाकून झाली. भाषा कोणास येईना. जेवण मुख्यतः मासे आणि मांसाचे असल्याने काही जण पाव व सूप यांवर राहिल्याचे प्रवाशांनी वृत्तवाहिन्यांना सांगितले. वृद्धांच्या औषधांची चिंता वेगळीच. मुंबईहून दुसरे विमान पाठविण्यात आले आणि ८ जूनला मंडळी सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली. वैमानिकांनी योग्य तेच केले, यात शंका नाही. पण मुलीच्या बाळंतपणासाठी एकट्या निघालेल्या आईच्या हातातल्या पिशवीत निदान तीन दिवसांची औषधे, त्यांची चिठ्ठी आणि थोडे कोरडे खाणे असलेच पाहिजे, हे या एका घटनेवरून कळावे. औषधे मोठ्या बॅगेत टाकून ती बॅग विमानाच्या पोटात पाठविण्याची आपल्याकडची सवय धोक्याची आहे.

तिकीट काढतानाही शब्दांकडे लक्ष हवे. 'डायरेक्ट' म्हणजे विनाथांबा नव्हे. विमानाचा क्रमांक एकच राहिला तरी मध्ये थांबा असू शकतो. विनाथांब्यासाठी 'नॉनस्टॉप' हा शब्द पाहावा. तिकिटावरच्या दोन्ही वेळा ज्या त्या गावच्या असतात, त्या नुसत्या वजा करून प्रवासाचे तास निघत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे हा बदल होतो, आणि त्या आठवड्यात विमानतळावर घ्यायला जाणाऱ्यांची हमखास गफलत होते. बाकी पाय मोकळे करणे, पाणी पिणे वगैरे सूचना सर्वांना ठाऊक आहेत. साठीच्या पुढच्यांनी त्या पाळाव्यात एवढेच.

सांगलीच्या त्या घरी काकांचा हिशेब दुरुस्त केला तो धाकट्या मुलानेच, फोनवरून. त्याने आधी पासपोर्टमधल्या व्हिसाची मुदत पाहिली, मग तिकीट. रात्री नऊचे विमान मिळत होते, दिल्लीपर्यंत विनाथांबा, सुमारे सोळा तास. म्हणजे भारतात मंगळवारचा पहाटेचा दीड. सोमवार सगळा हवेतच जाणार. त्यापुढे सकाळचे पुण्याचे विमान आणि पुण्याहून मोटार. "दादा, मी काही केले तरी उद्या दुपारच्या आत येत नाही," तो म्हणाला. "माझ्यासाठी आप्पांना ठेवू नका."

घरातल्या वडीलधाऱ्यांचेही मत तेच होते. देह फार वेळ ठेवू नये, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे. प्रश्न फक्त वेळेचा उरला. काका प्रथम अकरा म्हणत होते. थोरल्याने सांगितले की अकरा वाजता तो आकाशात असेल आणि त्याला काहीच दिसणार नाही. साडेआठला केले तर तो विमानतळावर असेल, तिकडे रात्रीचे आठ वाजलेले असतील. काकांनी घड्याळाकडे पाहिले आणि "मग साडेआठ," एवढेच बोलून ते उठले. पावणेआठला तिरडी उचलली. कृष्णेकाठी चुलतभावाने मोबाइल हातात धरला होता. तिकडे विमानात चढण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाने अग्नी दिलेला पाहिला आणि मग फोन बंद केला.

मंगळवारी दुपारी तीन वाजता मोटार दारात थांबली. सॅन होजेचे घर सोडल्याला बत्तीस तास पंचेचाळीस मिनिटे झाली होती. बुधवारी, तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन होते. त्याला तो पोहोचला होता.